तळ्याचं पाणी तळ्यातच

मी एक मोटर बोलतेय. एक एचपीची, पाण्यात बुडवून चालवायची, पाणबुडी म्हणतात तसली. मुरुम गावाच्या रस्त्याला लागून एक शेततळं आहे. त्यात दोन निळ्या पिंपांच्या मधोमध दोरीनं लटकलेली दिसते ती मीच. सकाळी त्या रस्त्यानं गेलात तर तळ्यातलंच पाणी उचलून पुन्हा तळ्यातच उडवताना मी दिसेन, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण म्हणतो तेच तुम्हीही म्हणाल, "ह्या लोकांचं डोकं फिरलंय काय?"

मलाही तेच वाटत होतं. आता सगळं कळलंय असं छातीठोकपणे मी अजूनही सांगणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला काही उमगलं तर मलाही सांगा.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यातला. तिथं मला एकदाच हौदात सोडलं, बटण दाबलं, पाणी उडालं, आणि मला खोक्यात भरलं. मुरुमच्या बाजारातून मला ज्ञानोबांनी विकत घेतलं. सारं गाव त्यांना तात्या म्हणतं. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "सामानाचं तिकीट काढा, तात्या." तर हे म्हणाले, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट असतं व्हय?"

घरी मला आडात सोडलं. ते दिवस सोपे होते. पाणी आडातून उचलायचं आणि वर पोचवायचं. बैलांच्या हौदात, न्हाणीच्या पिंपात, तुळशीत, धुण्याच्या दगडाशी. माझं पाणी कुठं जातं ते मला ठाऊक असायचं. तात्यांच्या बैलांनी हौदात तोंड घातलं की दगडावर त्यांच्या शिंगांचा आवाज व्हायचा, तो मला खाली ऐकू यायचा.

मग दारात नळ आला आणि मला उपसून कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं टाकलं. तीन वर्षं मी तिथं पडून होते. कुणी धूळसुद्धा झटकली नाही. तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली गेली, आणि बैलांच्या खुराकातली उरलेली शेंगपेंडेची दोन पोती माझ्या शेजारी येऊन बसली. तात्या कधीतरी खोलीत यायचे, पोत्याचं तोंड सोडायचे, मूठभर पेंड हातात घेऊन बसायचे आणि पुन्हा पोत्यात टाकून तोंड बांधायचे. म्हातारपणी माणसं काय काय करतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

मला उजेडात आणलं ते हर्षालीनं. ही तात्यांची सून, रणधीरची बायको. रणधीर उमरग्याला डेपोत मेकॅनिक. हर्षालीनं तुळजापूरला जाऊन मासे पाळायचं तीन दिवसांचं शिक्षण घेतलं आणि घरी येऊन डाळिंबासाठी खणलेलं शेततळं माशांना मागितलं. तात्यांच्या गळ्यात माळ. त्या घरात कधी मासा शिजला नव्हता.

तात्या म्हणाले, "एक हिवाळा बघू. जगले तर तळं तुझं. मेले तर पाणी पुन्हा डाळिंबाला. जीव तडफडून मरायला म्या तळं खांदलं न्हाय."

"व्हय, मामा," हर्षाली म्हणाली.

"अन् जगल्यावर त्यांचं पुढं काय व्हतं, ते मला सांगायचं न्हाय."

हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण हर्षाली गंभीर चेहऱ्यानं "बरं" म्हणाली, म्हणजे तिला कळलं असावं.

आषाढात अल्ताफ आला. मुरुमचा हा माणूस मासळीचं बीज विकतो आणि मोठे झालेले मासे जाळं टाकून नेतो. त्यानं फुगवलेल्या पिशव्यांतून अकराशे पिल्लं तळ्यात सोडली, रोहू आणि कटला. दिवाळीपर्यंत ती तळहाताएवढी झाली होती. थंडी पडली तशी रणधीरनं मला पुसलं, नवी केबल जोडली, वर भोकं पाडलेला पाइप बसवला आणि तळ्यात सोडलं.

पहिल्या सकाळी बटण दाबलं. मी जीव खाऊन पाणी वर फेकलं, आणि तेच पाणी माझ्या डोक्यावर येऊन पडलं. मला वाटलं, पाइप फुटला. आता रणधीर शिव्या देत येईल. तर बांधावर हर्षाली टाळ्या वाजवत होती! तासभर मी पाणी उचललं, तासभर ते परत आलं. तळं होतं तेवढंच राहिलं. बारा वर्षांत इतकं निरर्थक काम मी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अल्ताफ आला आणि दोरीकडं बघून त्यानं कपाळावर हात मारला. "वहिनी, इतक्या खोल कशाला सोडली? थंडीत खालचं पाणी जरा उबेचं असतं. मासे तिथं बसून राहतात. ते पाणी उपसून गार वाऱ्यात उडवलं तर आख्खं तळं गारठून जाईल की. वर घ्या हिला, दीड-दोन हातावर."

"अन् कधी लावायची?"

"सकाळी सहाला. ऊन चढलं की बंद. रातभरात पाण्यातली हवा मासे वापरून टाकतात, सकाळी कमी पडते, ऊन पडलं की पुन्हा भरते. ही पाणी उडवते ना, तेवढी हवा त्यात मिसळते. अन् खाणं कमी करा. थंडीत त्यांना भूकच नसते."

मला वर घेतलं. हवा मिसळते म्हणे! मी आयुष्यात हवा उचलली नाही. पाइपमध्ये हवा शिरली की मोटर खराब झाली म्हणून माणसं माझ्यावर ओरडत आलेली. आता तीच हवा पाण्यात घालायला मला ठेवलं होतं. मी मुकाट्यानं काम करत राहिले.

मग मार्गशीर्षात दहा-बारा दिवस आभाळ भरून राहिलं. ऊन नाही. सकाळी धुक्यात बांधही दिसेना. आणि मासे वर यायला लागले. माझ्याभोवती गोळा होऊन, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करायचे. मला वाटलं, काहीतरी सांगताहेत. मी त्यांना विचारलंसुद्धा. पण माझ्या घरघरीतून त्यांना काय ऐकू जाणार?

तात्यांनीही ती तोंडं पाहिली. दुपारी हर्षाली स्वयंपाकघरात असताना ते काठी टेकत बांधावर आले, इकडंतिकडं पाहिलं आणि धोतराच्या सोग्यातून भिजवलेली शेंगपेंड काढून पाण्यात टाकली.

"घ्या रं, घ्या," ते हळूच म्हणाले. "लई गारठा पडलाय. सून तुमचं खाणं तोडती. थंडीत बैलाला जास्तीच द्यावं लागतंय, ते तिला काय ठावं!"

पेंडेचा तो वास मी लगेच ओळखला. वर्षभर शेजारी होती ती माझ्या. मला बरंच वाटलं. पण एकाही माशानं तिला तोंड लावलं नाही. ती सावकाश खाली बुडत गेली. मला वाटलं, लाजत असतील, नंतर खातील.

तात्या रोज येऊ लागले. मासे जितके वर येत, तितकी ते पेंड जास्त टाकत. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्याला आंबूस वास सुटला. आणि एका सकाळी सतरा मासे पांढरी पोटं वर करून माझ्या पिंपांना येऊन लागले.

हर्षालीनं ते टोपलीत भरले. दुसऱ्या दिवशी तीस. तिनं मला दुपारपर्यंत चालू ठेवलं. मी जीव तोडून पाणी उडवलं, तरी मासे वरच. तिनं अल्ताफला फोन केला. "खाणं बंदच केलंय हो मी! मग पाणी नासतंय कशानं?" अल्ताफलाही सांगता येईना. रणधीर म्हणाला, "मोटर जुनी हाय." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आणि बांधावर उभे असलेले तात्या म्हणाले, "गारठ्यानं मरत्यात गं." त्या दुपारी ते दोन सोगे पेंड घेऊन आले.

मी सगळं पाहत होते. पण जे पाहत होते त्याचा अर्थ मला लागत नव्हता. खायला घालणारा हात आणि मरणारे मासे यांची सांगड माझ्या डोक्यात बसेना. हाच हात मला मांडीवर धरून घेऊन आला होता.

अखेर माझाच श्वास कोंडला. सकाळी बटण दाबलं, मी गुरगुरले आणि गप्प झाले. रणधीरनं मला ओढून वर काढलं. माझ्या तोंडाची जाळी चिखलासारख्या काल्यानं गच्च भरली होती. त्यानं बोटानं उकरून वास घेतला.

"शेंगपेंड! हर्षाली, कुणीतरी मुद्दाम टाकलंय हे."

शेजारच्या शेतातला शिवशरण पहिल्यापासून माशांच्या विरोधात होता. वास येईल, कुत्री येतील म्हणायचा. त्याच्या गोठ्यात शेंगपेंडेची पोतीच्या पोती. रणधीरचं डोकं भडकलं. "त्याच्याबिगर कोण करणार? थांब, बघतोच त्याला."

"मी पण येते," हर्षाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझं तळं गेलं तर गेलं, पण इतक्या जीवांचा शाप त्याला घेऊ दे."

दोघं बांध उतरायला लागले. मी ओल्या गवतावर आडवी पडलेली. बारा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, मोटरीला तोंड नुसतं पाणी ओढायलाच का दिलं?

"रणधीर," मागं येऊन उभे राहिलेले तात्या म्हणाले. "जाऊ नको."

"का?"

"म्याच टाकली."

तात्या बांधावर बसले आणि त्यांनी सोगा उलटा केला. त्यातून चार खडे पेंडेचे पडले.

"तोंडं वासून वर येत हुते. म्हणलं, मागत्यात. बैलंबी तशीच बघायची. थंडीत वाडगाभर जास्ती द्यायचो म्या त्यांना." ते खडे त्यांनी मुठीत गोळा केले. "तुझं तळं म्याच नासवलं, पोरी. वर शिवशरणचं नाव निघालं तरी घडीभर गप बसलो."

रणधीरनं मान दुसरीकडं वळवली. हर्षाली सासऱ्यांच्या समोर उकिडवी बसली. ती ओरडेल असं मला वाटलं. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "ते मागत नव्हते, मामा. त्यांना श्वास पुरत नव्हता. अन् खाली कुजलेली पेंड उरलीसुरली हवाही खात होती."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. मीही. म्हणजे ती उघडमीट होणारी तोंडं आम्ही दोघांनीही चुकीची वाचली होती. फरक एवढाच की माझ्याजवळ पेंड नव्हती.

"अन् ही पाणी उडवती ते त्याच्यासाठी?" तात्यांनी माझ्याकडं काठी केली.

"व्हय, मामा. त्याच्यासाठीच."

मग धावपळ झाली. डाळिंबाच्या मोठ्या मोटरीनं तळाचं घाण पाणी उपसून डाळिंबाला सोडलं, विहिरीचं ताजं पाणी तळ्यात घेतलं. मला धुऊनपुसून पुन्हा लटकवलं. दोन दिवसांनी आभाळ निवळलं, ऊन पडलं. आधी तीस मरत होते ते सहावर आले, मग एकावर, मग एकही नाही. आठवड्यानं मासे खाली जाऊन बसले आणि माझ्याभोवती कुणी येईनासं झालं. अल्ताफ म्हणाला, हीच चांगली खूण. मला मात्र जरा एकटं वाटलं.

त्या दिवसापासून बटण तात्यांकडं आलं. सकाळी सहाला घोंगडी पांघरून यायचे, मला चालू करायचे आणि ऊन चढेपर्यंत बांधावर बसायचे. हात रिकामे. कधी कुणी रस्त्यावरून हसत विचारलं, "तात्या, तळ्याचं पाणी तळ्यातच?" तर म्हणायचे, "तुला न्हाय कळायचं." मलाही पूर्ण कळलं नव्हतं, पण ते ऐकून बरं वाटायचं.

हिवाळा सरला. साडेनऊशेच्या वर मासे जगले. तळं हर्षालीचं झालं. फाल्गुनात एका सकाळी अल्ताफचा टेम्पो बांधाला लागला. तात्या आदल्या दिवशीच येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला निघून गेले होते. मला पिंपांसकट काठाला ओढलं, तळ्यात जाळं फिरलं, आणि दुपारपर्यंत टेम्पो गेला. हर्षाली हसत होती, पण मध्येच गप्पही होत होती. ज्यांच्यासाठी मी सगळा हिवाळा पाणी उडवलं, ते वाचले होते ना? मग ते गेले कुठं? कुणी सांगितलं नाही. तात्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, असलं काही सांगायचं नाही म्हणून.

परवा तात्या परतले. काल सकाळी सहाला घोंगडीशिवायच आले आणि त्यांनी बटण दाबलं. मी पाणी उचललं आणि रिकाम्या तळ्यात सोडलं. हर्षाली पदर खोचत धावत आली.

"मामा, आता कशाला? नवी पिल्लं आषाढात येणार."

"ठावं हाय मला."

"मग?"

तात्या पाण्याकडं बघत म्हणाले, "बंद ठिवली की मोटर जाम हुती गं."

हर्षाली त्यांच्या शेजारी बांधावर बसली.

तीन वर्षं मी कोठीत पडून होते, तेव्हा मी जाम होईन याची काळजी या घरात कुणालाच नव्हती. आज सकाळीही सहाला बटण दाबलं गेलं. मी पाणी उडवतेय, ते परत माझ्या डोक्यावर पडतंय, बांधावर तात्या बसलेत. तुम्ही या रस्त्यानं जात असाल तर हसू नका. आणि हे कुणासाठी चाललंय ते तुम्हाला कळलंच, तर तात्यांना विचारू नका, मला सांगा.