आरतीआधी पायाला हात नाही

विठूबुवांच्या पायाला कोणी हात लावला, की बुवा त्याच्या पायाला हात लावल्याशिवाय पुढे जात नसत. ही त्यांच्या गुरूंची शिकवण. समोरच्यातल्या देवाने तुला नमस्कार केला, तर तूही त्याला तिथल्या तिथे कर, उद्यावर टाकू नकोस. कीर्तनानंतर हा प्रकार तासभर चाले. म्हातारी माणसं तर भारी हट्टी. बुवांनी उलट वाकून पाय धरले, की ती पुन्हा बुवांचे धरत, मग बुवा पुन्हा त्यांचे. "पेटीला खोळ घालून, चहा पिऊन मी परत येतो, तरी दोघं आपली वाकलेलीच," असं बुवांचा पेटीवाला केरू सांगत असे.

वीस वर्षं केरू बुवांच्या मागे पेटीला बसला. या नमस्कारांचं त्याला कौतुकच होतं. पण त्या जानेवारीतल्या रविवारी, भर दुपारी भाट्याच्या पुलाजवळ सुरूच्या झाडाखाली बसून बुवांची वाट बघताना, त्याला पहिल्यांदाच त्या नमस्कारांचा राग आला.

त्याचं असं झालं. केरू मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात कामाला. काजूच्या टरफलाचं तेल लागलं की कातडी काळी पडते, आठ-पंधरा दिवसांत तिची सालं निघतात. तिथे हाताचा डाग कुणी मनावर घेत नाही, मग पायाचा कोण बघणार? उजव्या तळपायाला काळा डाग आला, तसं केरूने चार महिने त्याला खोबरेल चोळलं. गणपतीला त्याची भाची दिशा आली. ती मुंबईला कातडीच्या रोगांची डॉक्टर. मामा पायावर पाय टाकून पडवीत बसला होता. दिशाने डाग बघितला आणि हातातला मोदक तसाच ठेवून उठली.

तो त्वचेचा कॅन्सर निघाला. तळपायाचा तुकडा काढला, मांडीचं कातडं आणून तिथे बसवलं, आणि देवाच्या दयेने केरू पुन्हा पेटीला बसला. पण डाग परत येऊ शकतो, हे दिशाने मामापासून लपवलं नाही. "गोऱ्या लोकांना हा बहुतेक उन्हाने होतो," ती म्हणाली. "त्यावर ढीगभर अभ्यास झालाय. आपल्याकडे तो तळपायाला येतो, नखाखाली येतो, जिथे ऊन पोचतच नाही. तो का येतो, हे अजून कुणाला धड ठाऊक नाही. आम्ही शोधतोय, पण पैशापाशी गाडी अडलीय."

विठूबुवा हे ऐकत होते. त्याच महिन्यात त्यांच्या कानावर आलं, की रत्नागिरीत एक शर्यत होणार आहे. समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं, पावसच्या बाजूला चढउतारांवर नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि वर एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत. धावणाऱ्याने एखाद्या सत्कार्यासाठी लोकांकडून देणगी मागावी, अशी पद्धत. बुवांचं वय शेहेचाळीस. जन्म मिरकरवाड्यात होडीवाल्यांच्या घरचा, तेव्हा पोहणं अंगात. कीर्तनाला गावोगाव सायकलने जात, तेव्हा सायकल पायात. आणि धावणं? बुवा म्हणाले, "आख्यानात हनुमंत उभा करतो तेव्हा धावतोच की."

पण लोकांना हे पटेना. केरूच्या कारखान्याचे मालक रितेशशेठ तर कीर्तनातच उठून म्हणाले, "बुवा, सप्ताहाला मागा, भंडाऱ्याला मागा, देतो. पोहायला कसले पैसे? आमच्या आज्यापासून सगळी फुकट पोहतायत."

"शेठ, पोहणं माझं. पैसे केरूच्या रोगाला."

शेठनी केरूकडे बघितलं, मग बुवांच्या पोटाकडे बघितलं. "बरं. साडेआठ तासांच्या आत पुरं केलंत, तर दिशाच्या अभ्यासाला पाच लाख. एक मिंट जरी वर गेलं, तर शाल आणि नारळ."

तेवढ्या पैशात दिशाच्या कामाचं एक वर्ष उभं राहणार होतं. आणि शेठ शब्दाचा पक्का, दोन्ही बाजूंनी पक्का, हे केरूला कारखान्यात पुरतं कळलेलं होतं.

शर्यतीला सकाळी साडेसहाला तोंड लागलं. बुवा कपाळावर गंध आणि अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे घालून किनाऱ्यावर आले, तेव्हा मिरकरवाड्याची मासळीवाली आवडाबाई, जिने बुवांचं एक कीर्तन चुकवलेलं नाही, ती डोळे बारीक करून म्हणाली, "बुवा, बाकीचं कपडं मागनं येतायत काय?"

पाण्यातून बुवा चौथे बाहेर आले. सायकलवर थोडे मागे पडले, पण वाटेत अडले नाहीत. पावसच्या वाटेवरची सगळी गावं त्यांच्या ऐकण्यातली, लोक फुलं घेऊन उभे होते. पण सायकलवरच्या माणसाचे पाय काही हाताला सापडत नाहीत. बाराला वीस मिनिटं असताना बुवा धावायला लागले. तीन वाजेपर्यंत वेळ होता. सात-सात किलोमीटरचे तीन फेरे, भाट्याच्या किनाऱ्यावरून मांडवी आणि परत. सरावात बुवांना एका फेऱ्याला पन्नास मिनिटं लागत. म्हणजे वेळ हाताशी राहून वर थोडा उरत होता.

आणि तिथेच घात झाला. धावणाऱ्याचे पाय सापडतात.

मांडवीच्या तोंडाशी पहिला म्हातारा वाकला. बुवा थांबले, उलट वाकले. म्हातारा पुन्हा वाकला. ते बघून पलीकडच्या दोन बायका रस्ता ओलांडून आल्या. पुलावर आवडाबाई आपल्या सात मैत्रिणींना घेऊन उभी होती. कुणी बुवांना बाजूला ओढलं नाही की कुणी वाईट मनाने आलं नाही. सगळी भक्तीच होती, आणि ती भक्ती दर पन्नास पावलांवर उभी होती.

दिशा घड्याळ घेऊन केरूशेजारी बसली होती. "मामा, चाळीस नमस्कार झाले. एकाला पाऊण मिनिट धर. पहिल्या फेऱ्याला ऐंशी मिनिटं लागली. एक वाजलाय. असंच चाललं, तर बुवा साडेतीनच्या आत येत नाहीत."

"लोकांना सांग, अडवू नका म्हणून."

"सांगून आले. म्हणतात, आम्ही कुठे अडवतो, नुसता पायाला हात लावतो."

"मग बुवांना सांग."

"तेही सांगितलं. बुवा म्हणतात, लोकांनी वाकायचं आणि मी ताठ निघून जायचं, असली शर्यत मला नको."

केरूने कपाळाला हात लावला. बुवा काही ऐकणार नाहीत, आणि लोक तर नाहीच नाहीत. मग वीस वर्षांत या माणसांना बुवांच्या पायांपासून लांब ठेवणारं काय होतं? तो आठवायला लागला. आणि आठवलं तसा त्याचा हात आपोआप पेटीच्या खोळीकडे गेला. शर्यत संपल्यावर दोन पदं म्हणू, म्हणून त्याने पेटी बरोबर आणली होती.

आमच्याकडे कीर्तनाचा एक कायदा आहे, तो कुठे लिहिलेला नाही. गजर सुरू झाला की कीर्तनकार नारदाच्या गादीवर. मग आरती होईपर्यंत त्याच्या पायाला हात लावायचा नाही. मंत्र्याने नाही, जावयाने नाही, जन्म दिलेल्या आईनेही नाही. जे काय वाकायचं ते आरतीनंतर.

केरूने पेटी मांडीवर घेतली, भाता उघडला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून नामाचा गजर सुरू केला.

पुलावरच्या बायकांनी माना वळवल्या. आवडाबाईचा हात बुवांच्या पायापासून वीतभर अंतरावर होता, तो तिथेच थांबला. तिने तो मागे घेतला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. "कीर्तन लागलं," ती शेजारणीला म्हणाली. "बाजूला हो गो, बुवा गादीवर हायत."

बुवांनी केरूकडे बघितलं. काय समजायचं ते समजले, हात जोडले आणि धावत सुटले.

बातमी मोबाइलवरून मांडवीपर्यंत बुवांच्या आधी पोचली. पुलावरच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, तो किनाऱ्यावरच्यांनी उचलला, त्यांच्याकडून पुढच्यांनी. साडेतीन किलोमीटरचा मंडप आणि बुवा त्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. लोक वाटेच्या कडेला उभे राहिले, हात जोडून, पण हातभर लांब.

दहा मिनिटांत शर्यतीची परीक्षक तेजस्वी स्कूटरवरून आली. गळ्यात शिट्टी, हातात नियमांची वही, मुलगी कडक.

"काका, हे काय चाललंय?"

केरू गातच होता. त्याने एका ओळीपुरता गजर आवडाबाईच्या हवाली केला. "कीर्तन."

"कुणाचं?"

"ते आत्ता गेले ना, त्यांचं."

"ते तर पळतायत."

"बुवांचं कीर्तन उभ्यानेच असतं, बाय."

तेजस्वीने वही उघडली. "बाहेरची मदत चालत नाही. खाणंपिणं देणं नाही, ढकलणं नाही, बरोबर धावणं नाही."

"मी तर मांडी घालून बसलोय."

"गाणी ऐकत धावायलाही बंदी आहे. कानात यंत्र चालत नाही."

"यंत्र कुठं हाय? नुसते कान हायत."

तेजस्वीने पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. एवढ्यात पुण्याचा एक धावणारा समोरून गेला. त्याची पावलंही ठेक्यात पडत होती. "हे पुढच्या फेऱ्यालाही आहे का?" त्याने जाता जाता विचारलं. तेजस्वीने वही मिटली. "सगळ्यांनाच ऐकू येतंय, तर कुणा एकाला मदत कशी म्हणू?" ती म्हणाली. तरी पाच मिनिटं तिथेच उभी राहिली, आणि जाताना तिच्याही नकळत तिची बोटं स्कूटरवर ताल धरत होती.

दुसरा फेरा पंचावन्न मिनिटांत झाला. दोनला पाच कमी. उरली पासष्ट मिनिटं.

तिसऱ्या फेऱ्यात बुवा मांडवीवरून परत फिरले तेव्हा त्यांची पोटरी आवळली. पुलावर ते दिसले ते लंगडतच. चेहऱ्यावर मीठ वाळलेलं, ओठ पांढरे. माझ्या पायापायी या माणसाचे दोन्ही पाय जायचे, असं केरूला वाटलं. थांबा म्हणावं, शेठकडची शाल घेऊ आणि घरी जाऊ. पण तोंडात गजर होता, तो टाकता येईना.

मग केरूने वीस वर्षं जे केलं तेच केलं. त्याने आधी लय खाली आणली, बुवांच्या लंगड्या पावलाइतकी. त्यांचं पाऊल लयीत बसलं. मग त्याने ती केसभर वाढवली. अजून केसभर. पेटीने लय वाढवली आणि बुवा मागे राहिले, असं एकाही कीर्तनात झालं नव्हतं. सवय ती सवय. बुवा केरूसमोरून गेले तेव्हा ते पुन्हा धावत होते. दोन शेहेचाळीस. अजून दीड किलोमीटर.

सगळी माणसं त्यांच्या मागोमाग किनाऱ्याकडे पळाली. दिशाही पळाली. केरू मात्र जागचा हलला नाही. आरतीआधी पेटीवाला उठत नाही, आणि आता कायदा मोडायचा तर गजर सुरूच कशाला केला? शेजारी आवडाबाई बसून राहिली. अर्धं कीर्तन टाकून ती आयुष्यात उठली नव्हती.

केरूचा घसा बसत चालला. खिशात मोबाइल वाजला. एक हात भात्यावर, एक सुरांवर.

"उचल की मेल्या," आवडाबाई म्हणाली.

केरूने मानेनेच नाही म्हटलं. तिने त्याच्या खिशातून मोबाइल काढला, लांब धरला, जवळ धरला, आणि कुठलंतरी बटण दाबलं. वाजायचं थांबलं.

"कुणी बोलत नाय," ती म्हणाली.

पुन्हा वाजला. तिने पुन्हा बंद केला. "तीन वाजले रे," ती म्हणाली. मग तीन वाजून दहा झाले, वीस झाले. केरूच्या तोंडून आता नुसती हवा येत होती. गजर आवडाबाई म्हणत होती, तिच्या मासळीबाजारच्या आवाजात. किनाऱ्याकडून कोणी आलं नाही. शाल आणि नारळ, केरूच्या मनात आलं. दिशाचं एक वर्ष गेलं. बोटं सुरांवर फिरत राहिली, पण डोळ्यांपुढे सुरूची झाडं पुसट झाली.

साडेतीनला मासळीचा टेम्पो पुलाकडे वळला. मागे बुवा बसले होते, दोन्ही पाय बर्फाच्या क्रेटमध्ये घातलेले. मिरकरवाड्याच्या पोरांनी त्यांना उचलून वर बसवलं होतं. शेजारी दिशा, आणि रितेशशेठ दोन्ही हातांनी आरतीचं तबक सांभाळत, वाऱ्याकडे पाठ करून.

"फोन का घेत नाहीस, मामा?" दिशा म्हणाली.

केरूने नुसतं शेठकडे बघितलं.

"आठ तास सत्तावीस मिंटं," शेठ म्हणाले, पोरीची पाठवणी केलेल्या बापाच्या आवाजात. "तीन मिंटं राखून पाच लाख नेले माझे. आणि हा माणूस दवाखान्यात जायला तयार नाय. म्हणतो, जिथं गजर झाला तिथं आरती."

"केरू तिथे बसलाय, म्हटलं," बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांच्यात एवढाच आवाज उरला होता.

केरूने पेटीवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे थोडा वेळ हलत राहिले. मग त्याने डोळे पुसले आणि आरतीचा सूर धरला.

पण म्हणणार कोण? बुवांना आवाज नाही, केरूला नाही, आवडाबाईचाही आता बसला होता. सगळ्यांनी तबक धरलेल्या शेठकडे बघितलं. शेठ आयुष्यात कधी गायले नव्हते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खाकरले, आणि आरती सुरू केली, ती पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसेना.

केरूने दोन ओळी त्यांचा सूर शोधला. खाली सापडला नाही, वर सापडला नाही. मग त्याने शोधणं सोडलं. पाच लाखांची आरती होती. शेठ जिकडे जातील तिकडे पेटी त्यांच्यामागून निघाली.