वन्संच्या हातची गोळी

मेंदूत गुठळी अडकून यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. आवडनिवड मात्र शाबूत राहिली. माझ्या हातात गोळी दिसली की हे ओठ घट्ट मिटायचे, आणि वन्संनी नुसता पेला उचलला की आ! बत्तीस वर्षं संसार मी केला आणि मान थोरल्या बहिणीला. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

रक्त पातळ ठेवायची गोळी रोज सकाळी एकच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा वन्सं आंघोळीला गेल्या असताना मी ती कुटून केळ्यात कालवली. यांनी भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं निमूट खाल्लं. मला गड जिंकल्यासारखं झालं. वन्संना सांगणारच होते, पण त्यांनी बाहेर येताच डबी उघडली, यांनी लाडात आ केला आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं. खरी गोळी माझी, त्यांची नुसती वरची, असं मनाशी म्हणायचे. आठवडाभर हेच.

मग एका सकाळी यांचे दात घासताना हिरड्यांतलं रक्त थांबेना. दंडावरही काळेनिळे डाग दिसले.

"गोळी एकच ना?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"एकच. मीच देते," वन्सं म्हणाल्या आणि चाचरल्या. "वय झालं. विसरून दोनदा दिली असेन. मी आपली माझ्या घरी जाते. हिच्या हाती राहू दे सगळं."

हेच ऐकायला मी त्या राहायला आल्यापासून दोन महिने टपले होते. यांनी डाव्या हातानं वन्संचं मनगट धरलं.

"दुसरी मी देत होते," मी म्हणाले. "केळ्यातून."

"मेंदूत रक्तस्राव झाला असता, बाई," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी दोन दिवस थांबवली. तिसऱ्या सकाळी वन्संनी डबी माझ्या हातात दिली. "तूच दे. समोरून."

यांनी ओठ मिटले. डोळे भरून आले.

"वाकडं तोंड तुझ्यापुढे उघडायची लाज वाटते गं त्याला," वन्सं म्हणाल्या. "माझ्यापुढे कसली लाज? शेंबूड पुसलाय मी त्याचा."

"मग तुम्हीच द्या," मी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, पोटात अजून जळत होतं. मागे पाण्याचा घोट उतरल्याचा आवाज येईपर्यंत मी वळले नाही.