प्रेंटिससाहेबाचा वाटा

जागतिक वाइन उद्योगाचे आधारस्तंभ डग्लस प्रेंटिस यांच्या निधनानं आरमोरी तालुक्यात कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य माझं नाही. हेमराजभाऊ दोनाडकरांचं आहे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून ते इंग्रजीत करून द्यायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. आरमोरी तालुका गडचिरोली जिल्ह्यात आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात तीस वर्षांहून जास्त काळ दारूबंदी आहे. त्यामुळे पोकळी होती ती आधीपासूनचीच.

प्रेंटिससाहेब न्यूझीलंडचे. आपल्या देशाची वाइन जगाच्या जेवणाच्या टेबलावर मांडायची, यासाठी माणूस उभा जन्म भांडला. सरकारशी भांडला, जहाज कंपन्यांशी भांडला, फ्रेंचांशी तर रिकाम्या वेळातसुद्धा भांडला. आठ वर्षांपूर्वी ते वाघ बघायला ताडोब्यात आले. वाघ दिसला नाही. जिप्सी चालवणाऱ्या भूपेश मडावीला त्यांची दया आली आणि त्यानं त्यांना आपल्या सासरी, आरमोरीपलीकडच्या कोसमटोला या जंगलातल्या लहानशा वस्तीवर नेलं. वाघ न दिसलेल्या माणसाला काहीतरी दाखवायला हवं, असा त्याचा विचार.

कोसमटोल्यावर दारू गाळत नाहीत. देवापुरती मोहाची गाळतात. देव किती आहेत हे कोणी मोजलेलं नाही.

भूपेशचे सासरे वारलू कुमरे हे टोल्याचे म्होरके. त्यांनी पळसाच्या पानाचा द्रोण भरून पाहुण्यासमोर धरला. रीत अशी, की पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडायचे. ते पूर्वजांचे. हल्लीची पोरं विसरतात आणि शिव्या खातात. पाहुण्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी द्रोण उन्हाकडे धरून पाहिला, गोल फिरवला, नाक घालून बराच वेळ वास घेतला, मग घोट तोंडात घेऊन खळखळ आवाज केला आणि तो सगळा जमिनीवर थुंकला. पुन्हा घोट, पुन्हा तेच. द्रोण संपला.

मग वारलूभाऊ उठून उभे राहिले, त्यांच्यामागे बाकीचे उठले.

"पाहा रे, पाहा," ते पोरांना म्हणाले. "आपल्या हातून चार थेंब सुटत नाई. ह्यानं अख्खा घोट देल्ला पूर्वजाले. ह्याले कोनी शिकवलं?"

त्यांच्या बायकोला, रुखमाबाईला, शंका होती. "उष्टं हाय ना ते."

"थंडीचा देश हाय त्याचा. तिकडच्या पूर्वजाले गरम करून द्यावं लागत असन."

या खुलाशानंतर प्रेंटिससाहेब टोल्याचे घरचे झाले. घरच्या माणसासारखं त्यांना रुखमाबाईंनी वांग्याची भाजी वाढली आणि घरच्या माणसासारखीच त्यांनी ती खाल्ली. जाताना वारलूभाऊंनी त्यांचा हात धरून सांगितलं, की तू मेलास की आमच्या पूर्वजांसोबत तुझाही वाटा निघेल. भूपेशनं याचं भाषांतर केलं, 'पुन्हा या.'

यंदा फेब्रुवारीत साहेब गेले. त्यांच्या मुलीनं, हेलननं, भूपेशला व्हॉट्सअॅपवर कळवलं, आणि एप्रिलमध्ये मी तिकडे येते असंही कळवलं. वडील शेवटपर्यंत ज्या गावाबद्दल बोलत होते ते तिला पाहायचं होतं.

एप्रिल म्हणजे मोहाचा हंगाम. नवा मोह आधी पूर्वजांना दाखवल्याशिवाय टोल्यावर कोणी तोंडाला लावत नाही. आणि यंदा पूर्वजांत एक वाढला होता. वारलूभाऊंनी जाहीर केलं, "त्याचा वाटा त्याच्या पोरीच्या हातानं निघन. तवरिक कोनी हात लावाचा नाई."

फुलं वेचून झाली, अंगणात वाळली, मडक्यात भिजली, गाळूनही झाली. पहिल्या धारेची एक मोठी बाटली निघाली, तेवढीच; ती रुखमाबाईंनी कोनाड्यात बूच मारून ठेवली. टोल्यातली पुरुषमंडळी कामाला जाता-येता त्या कोनाड्याकडे बघायची. कोलू नावाचा वारलूभाऊंचा पुतण्या तर दिवसातून दोनदा विचारायचा, "काका, ते बाई निंघाली का तिकडून?"

"निंघन. तिचा बाप मेला हाय, तुयं बूड काऊन जळते?"

हेमराजभाऊंना ही बातमी भूपेशकडून कळली. भाऊ व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. शिवाय पुढच्या निवडणुकीत त्यांना जिल्हा परिषदेत जायचं आहे. परदेशी बाई आरमोरीत येते आणि तिचा सत्कार दुसरंच कोणी करतं, हे त्यांना सोसवण्यासारखं नव्हतं. अडचण एवढीच, की व्यसनमुक्तीच्या अध्यक्षानं वाइनवाल्याला श्रद्धांजली कशी वाहायची?

"सर, द्राक्षाले इंग्रजीत का म्हन्तेत?" त्यांनी मला विचारलं.

"ग्रेप."

"मंग झालं ना! फळप्रक्रिया. माणूस फळप्रक्रियेत होता. नासून जानाऱ्या द्राक्षाले त्यानं बाजार मिळवून देल्ला. यात दारू कुठी आली?"

मी म्हणालो, "द्राक्षं नासल्यावर आली."

भाऊंनी ते ऐकलं नाही. फलकावर 'द्राक्षमहर्षी' असा शब्द छापून आला. आरमोरीत द्राक्षाचा एक वेल नाही. आमच्याकडे धान होतो.

हेलन आली, आणि श्रद्धांजलीच्या सभेला सभागृह बऱ्यापैकी भरलं. समितीचे कार्यकर्ते होते, भाऊंच्या वॉर्डातल्या बाया होत्या, आणि पहिल्या रांगेत पांढरंशुभ्र धोतर नेसून वारलूभाऊ, शेजारी रुखमाबाई. मागच्या रांगेत कोलू आणि टोल्याची मंडळी. ती श्रद्धांजलीसाठी आली नव्हती. सभा संपली की बाई टोल्यावर येणार, म्हणून बाईवर नजर ठेवायला आली होती.

हेमराजभाऊ बराच वेळ बोलले. नाशिकची द्राक्षं, नागपूरची संत्री, सिंदेवाहीचं भाताचं संशोधन, सगळं येऊन गेलं. न्यूझीलंडही आलं. वाइन आली नाही. शेवटी त्यांनी हेलनला दोन शब्द बोलायची विनंती केली आणि मला खुणेनं शेजारी उभं केलं. कानात म्हणाले, "सर, काही वाकडं बोलली त सरळ करजा."

हेलन दातांची डॉक्टर. साधी, उन्हानं लाल झालेली बाई. ती म्हणाली आणि मी मराठीत सांगत गेलो.

वडिलांनी आयुष्यभर वाइनची बाजू मांडली, ती म्हणाली. हेमराजभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी 'फळांच्या रसाची' म्हणालो. पण त्यांनी ती कधी प्यायली नाही, ती पुढे म्हणाली.

इथं मी थांबलो. मग म्हटलं, हे तर वाइनच्या नावासकट जसंच्या तसं सांगता येईल.

तिनं समजावून सांगितलं. त्या धंद्यातली माणसं चव घेतात आणि थुंकतात. दिवसभरात इतक्या बाटल्या चाखायच्या म्हटल्यावर गिळून कसं चालेल? वडिलांनी कधीच गिळली नाही. घरी जेवताना ते दूध घ्यायचे. "आणि ते सगळीकडे तुमची गोष्ट सांगायचे," ती वारलूभाऊंकडे बघून म्हणाली. "प्रत्येक व्यासपीठावर. की जगात एकच गाव असं भेटलं, जिथे मी चव घेऊन थुंकलो तेव्हा लोक मानानं उभे राहिले. आमच्या धंद्याची रीत त्या जंगलातल्या लोकांना ठाऊक होती."

मी सगळं सांगितलं. सरळ करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

हेमराजभाऊंचा चेहरा लख्ख उजळला. ते माइककडे धावले. "ऐका! ऐका बाप्पा! दारूच्या धंद्यात राहून ज्या माणसानं थेंब गिळला नाई, तो माणूस आपला आदर्श! यंदापासून समितीचा पुरस्कार प्रेंटिससाहेबाच्या नावानं!" टाळ्या पडल्या. वॉर्डातल्या बाया सर्वांत जास्त वाजवत होत्या.

पहिल्या रांगेत मात्र वारलूभाऊ खाली मान घालून बसले होते. मागे कोलूचा जीव टांगणीला लागला होता. पाहुणा आपला नव्हता असं काकांनी ठरवलं तर वाटा नाही, वाटा नाही तर वाट बघणं नाही, बाटली आजच मोकळी; आणि आपलाच ठरवला, तर चार थेंब सोडून बाकीची मोकळी. त्याला दोन्हीकडून फायदा दिसत होता. इतका फायदा आजवर कधी झाला नव्हता, म्हणून तो जास्तच घाबरला होता.

मी जाऊन वारलूभाऊंजवळ बसलो. "भाऊ, त्याले तुमची रीत मालूम नव्हती," मी म्हणालो. "तो चव पाहून थुकत होता."

"समजलं," ते म्हणाले. "प्याला नाई म्हन्ते?"

"नाही."

"एक बी घोट पोटात नाई?"

"नाही."

"म्हंजे सगळंच देल्लं त्यानं," वारलूभाऊ सावकाश म्हणाले. "आपन चार थेंब देतो अन् द्रोण रिचवतो. ह्यानं सोतासाठी काहीच ठेवलं नाई. अन् मालूम नसताना देल्लं. मालूम असनारा त हिशोबानं देते."

"तेच म्हन्तो मी," रुखमाबाई म्हणाल्या. "तुमी त थेंब बी मोजून सोडता."

सभेनंतर आम्ही टोल्यावर गेलो. हेमराजभाऊ आले नाहीत. तिथं काय चालतं हे माहीत नसणं अध्यक्ष म्हणून त्यांना आवश्यक होतं.

अंगण सारवलेलं होतं. सगळे गोल करून बसले, द्रोण वाटून झाले. रुखमाबाईंनी कोनाड्यातून बाटली आणून हेलनच्या हातात दिली. कोलूनं आपला द्रोण दोन्ही हातांनी धरला होता.

हेलननं भूपेशकडे पाहिलं. भूपेशनं बोटांनी खूण केली, चार थेंब. तिनं बाटली तिरपी केली आणि चार थेंब सोडले.

"आनखी," वारलूभाऊ म्हणाले.

तिनं आणखी सोडले.

"आनखी. त्यानं मागं ठेवलं नाई. आपन काऊन ठेवाव?"

"काका," कोलू म्हणाला, "पूर्वजाले इतकी झेपन का गा?"

"तू चूप बस."

मोह जमिनीत मुरत गेला. अंगणभर त्याचा वास पसरला. हेलनच्या डोळ्यांत पाणी आलं. डोमा आणि चैतू या दोघा म्हाताऱ्यांच्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं असावं. शेवटचे थेंब तिनं बाटली झटकून काढले आणि ती रिकामी बाटली वारलूभाऊंना परत दिली. त्यांनी ती कपाळाला लावली. मग रुखमाबाईंनी सगळ्यांना काळा चहा दिला. चहा त्या द्रोणांतच ओतला.

पुढचा मोह भिजायला घातला होता. तो व्हायला अजून चार-पाच दिवस होते.

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्या दिवशी कोसमटोल्यावर ती पाळली गेली.