टोचून आलेल्यांच्या अंगावरची चादर

मी चादर बोलतेय. सोलापूरची, हे वेगळं सांगायला नको. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मायाप्पानं मला मागावर विणली. काठाला धागा चुकला, म्हणून दुकानाऐवजी मी त्याच्याच घरी आले. नव्या नवरीच्या पलंगावर जायचं सोडून तापल्या माणसांवर पडायचं माझ्या नशिबी आलं. असो.

पंचाहत्तर साली मायाप्पाला मस्कतला काम लागलं. परदेशी जायचं तर देवीची आणि पटकीची लस टोचून घ्यावी लागे. दवाखान्यातल्या बाईंनी टोचताना त्याला नीट सांगितलं होतं: ताप येईल, दंड सुजेल. काही दिवसांनी देवी टोचलेल्या जागी फोड येईल, मग खपली धरेल. खाजवू नका, काही लावू नका, खपली आपोआप पडेल.

हा ‘बरं’ म्हणाला आणि घरी काहीच बोलला नाही. पुरुषमाणसं दवाखान्यातून आली की ‘काय न्हाय’ एवढंच सांगतात, हे मी पुष्कळ पाहिलंय.

त्या संध्याकाळी तो हिवानं थडथड उडू लागला, मला डोक्यावरून ओढून पडला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पण आठवड्यानं दंडावर फोड टरारला आणि अंग पुन्हा तापलं. त्याच्या आईनं, रंभाबाईनं, मला बाजूला सारलं आणि फोड पाहिला.

“अगं बया! देवीआई आली की घरात!”

तिनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला, घरातली फोडणी बंद केली. देवीआईला गार पाणी घातल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही म्हणाली. आणि मुंबईची गाडी तर परवावर आलेली! गाडी चुकली की मस्कतला दुसरा माणूस जाणार होता.

“आये, ही देवी न्हवं,” मायाप्पा म्हणाला. “टोचल्यावर फोड येतोच. बाई बोलल्या हुत्या.”

“मग सांगायला तोंड शिवलं हुतं व्हय?”

“इसरलो की! फोड आला म्हंजी लस लागली. आता मला देवी व्हायची न्हाय.”

“ह्यो एक फोड आला की आई येत न्हाय?”

“न्हाय येत.”

रंभाबाई खाली बसली. माझ्या काठाच्या दशा बोटांनी पिळत राहिली.

“टोचणारा गावात आला हुता,” ती म्हणाली. “लोक म्हणले, आईचा कोप हुईल. मी गुंडाला कणगीत लपवलं.”

गुंडा म्हणजे मायाप्पाचा धाकटा भाऊ. लहानपणीच देवीनं गेला, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कणगीचं मायाप्पालाही ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं ती उठली. डहाळा सोडला. चुलीवर फोडणी टाकली, तिचा ठसका घरभर गेला. मायाप्पा वेळेवर गाडीत बसला.

त्याला दोन वर्षं झाली. आता माझा रंग उडालाय. आज गल्लीत देवी टोचणाऱ्या बाई आल्या होत्या. शेजारणी दारं लावून बसल्या. रंभाबाई मात्र मायाप्पाच्या पोरीला काखोटीला मारून सगळ्यांत पुढं उभी राहिली.

तुम्हाला एक विनवते. टोचून आलात की घरी सगळं सांगत जा. ताप येईल, मला अंगावर घ्या. फोडाला हात लावू नका.

पोर माझ्याखाली निजलीय. रंभाबाई तिचा दंड निरखत बसलीय. अजून तिथं काहीच नाही.

“यं बाबा,” ती न आलेल्या फोडाला म्हणतेय, “लवकर यं.”