आडवी काठी

“पुन्हा कुठी चालले?” तुळसाबाईने चुलीपुढून विचारलं. “सकायपासून तीनदा जाऊन आले. नदी काय पळून जाऊन राहिली?”

देवराव ढीवर कोपऱ्याकडे वळला. त्याची बंडी छातीपर्यंत ओली होती. माघात कन्हान नदी गुडघ्याच्या वर जात नाही, हे तुळसाबाईला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

“बंडी काहून ओली?”

“घसरलो.”

“तुम्ही? अन् नदीत?”

त्याने कोपऱ्यातली बांबूची काठी उचलली आणि तो निघाला.

काठावरचं महादेवाचं देऊळ फार जुनं, काळ्या दगडाचं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी देव पालखीत बसून नदी ओलांडतो आणि पलीकडे पार्वतीच्या देवळात, म्हणजे सासुरवाडीला जातो. जावई म्हटल्यावर थाट आलाच. पण पाण्याखालची वाळू देवाला कळत नाही, ती मासे धरणाऱ्या ढीवरांना कळते. म्हणून पालखीपुढे काठी टेकवत चालायचा मान देवरावच्या घराण्याचा. आठ दिवस आधी तो पात्र तपासायचा आणि तुराट्यांना लाल चिंध्या बांधून वाट आखायचा. सत्तावीस वर्षं पालखी कधी कलली नव्हती. यंदाही त्याने वाट आखली आणि देवस्थान समितीच्या मनोहररावांना छातीठोकपणे सांगितलं, “पक्की हाय.”

तो छातीठोकपणाच नडला. नंतर चार दिवस वाळूचे ट्रक आले. नागपुरात बंगले उठत होते, त्यांना वाळू हवी होती. शेजारी खड्डा पडला की नदीतली वाळू आपसूक सरकते. चिंध्या जागच्या जागी डुलत राहिल्या आणि खालची वाट गेली. आज, ऐन पालखीच्या दिवशी, पहाटे मधल्या धारेत काठी टेकवली, तर काठी आत गेली आणि मागोमाग हाही गेला.

तेव्हापासून तो दुसरी वाट शोधत होता. वर गेला, खाली गेला, सगळीकडे खड्डे. तरी मनोहररावांकडे जायला पाय उचलेना. आपणच आखलेली वाट बुडाली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि पालखी एकदा मोठ्या पुलावरून गेली, की पुढच्या वर्षी ढीवराला कोण विचारतो? त्याला ट्रकवाल्यांचा राग येत होता. त्याहून जास्त स्वतःचा.

दुपारी देवळापुढे डफडी वाजू लागली. पालखी घाट उतरली, मागे शेकडो माणसं, पार्वतीच्या ओटीची ताटं घेतलेल्या बायका. पुजाऱ्याने पहिलं भस्म देवरावच्या कपाळाला लावलं. तो पाण्यात उतरला, पंधरा-वीस पावलं चालला. मग वळला आणि काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली.

आडवी काठी म्हणजे पुढे वाट नाही. म्हाताऱ्यांनी ही खूण ऐकली होती, पाहिली कुणीच नव्हती. डफडी थांबली.

“काय झालं गा?” मनोहरराव काठावरून ओरडले.

“पुलावरून न्या देव.”

“तूच म्हणला होता ना, पक्की हाय म्हणून?”

“म्हणलो होतो. चुकलो. खाली खड्डे हायेत, माणूस बुडते.”

“म्हातारा भेला!” गर्दीतून कुणीतरी हाणलं. लोक हसले.

देवरावने काठी खाली घेतली नाही.

शेवटी पालखी वळली. मनोहरराव माणूस चांगला. जाता जाता म्हणाले, “चाल, पुलावर बी पुढं तूच चाल.”

“पुलावर काठी कायले टेकवू, भाऊ? व्हा तुम्ही पुढं.”

पण त्याला घरी जायला सवड नव्हती. देव गेला तरी आंघोळीचं पुण्य उरतंच, बायका घोळक्याने पाण्यात उतरू लागल्या होत्या. देवराव खड्ड्याच्या कडेला जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला.

“इकडं नोका येऊ, माय. तिथंच बुडी मारा.”

परगावची एक बाई वैतागली. “आम्हाले अडवणारे तुम्ही कोण जी?”

देवरावने काठी पाण्यात टेकवली.

“पालखीपुढचा माणूस होय मी,” तो म्हणाला.

पालखी तेव्हा पूल ओलांडून पलीकडच्या काठाला लागली होती.