बेकरीवाल्या काकांची मूठ

मी एक जुना रबरी चेंडू आहे. पण मित्रांनो, माझा आजवर कुणी साधा टप्पाही पाडून बघितला नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा काय काय मनात होतं! मैदान, आरडाओरडा, शेजाऱ्यांच्या फुटलेल्या काचा! नशिबी आली मात्र रक्तपेढी. रक्त द्यायला आलेलं माणूस आडवं झालं, की नर्सताई मला त्याच्या मुठीत देतात. "दाबा, सोडा. दाबा, सोडा." मग पिशवीत रक्त भराभर उतरतं.

मी हिरमुसलोच होतो. तेवढ्यात बेकरीवाले काका आले. ते मला दाबत नसत, अंगठ्याने दुमडून गोल फिरवत. नर्सताई हसायच्या, "अहो काका, चेंडू आहे तो! पीठ कसलं मळताय?"

"हाताला दुसरं काही येतच नाही हो!"

काकांची बायको बाळंतपणात जाता जाता वाचली, ती कुणा अनोळखी माणसाच्या रक्तामुळे. मायलेकी सुखरूप घरी आल्या. तेव्हापासून काका न चुकता येत, आणि जाताना असे खूश असत, जणू त्यांनाच काही मिळालंय!

एकदा डॉक्टर म्हणाले, "काका, वय झालं. आता तुमचं रक्त नाही घेता येणार."

काकांचा चेहरा एवढासा झाला. "मग माझ्या जागी कोण? पोरगी तर सुई बघूनच गार पडते." त्यांनी मला एकदा मळलं आणि ट्रेमध्ये ठेवून दिलं.

नंतर खूप हात आले. चांगले होते बिचारे. पण दार वाजलं, की मला वाटायचं, आले काका! वाट बघता बघता माझ्या अंगाला भेगा पडल्या.

आणि परवा काका खरंच आले. सोबत मुलगी, घामाघूम.

"बाबा, नाही जमायचं मला. घरी चला ना."

"बरं, जाऊ. पण माझा चेंडू तरी बघून घे."

तिने मला हातात घेतलं. बोलता बोलता अंगठ्याने दुमडलं आणि गोल फिरवलं!

"अगं बाई, हीसुद्धा पीठच मळतेय!" नर्सताई ओरडल्या. मुलगी खुदकन हसली. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि बाही वर सारली. "टोचा पटकन."

काका शेजारी स्टुलावर बसले होते. तिच्या मुठीबरोबर त्यांची रिकामी मूठही उघडमीट करत होती. त्या मुठीत जायला माझा जीव नुसता तुटत होता.

मित्रांनो, मी आता फार टिकणार नाही. मैदानाची हौसही उरली नाही. तुम्ही मोठे झालात की नक्की या. सुई टोचते, पण क्षणभरच. आणि तुम्हाला हवं तसं मळा मला, मी काही म्हणणार नाही.