दोरीवरची तबकडी

मी खेळ बोलतोय. पत्त्यांचा नाही, कुस्तीचा नाही. नाणं टाकून काचेवर खेळायचा खेळ. कोणी मला ‘व्हिडिओ’ म्हणतं, कोणी ‘ती पेटी’. दोन्ही नावं मला आवडत नाहीत. पण आजवर माझं कोणी ऐकलं नाही, तिथं नावाची तक्रार काय करू?

मुंबईत एका खोलीत एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं मला बांधलं. प्लायवूडचं कपाट, टीव्हीची काळी-पांढरी काच, एक दांडा आणि एक लाल बटण. त्या माणसाला जुने अंतराळाचे सिनेमे फार प्रिय. वांग्यासारखं रॉकेट, डोक्यावर काचेची बरणी घातलेले शास्त्रज्ञ, पत्र्याच्या डब्यांचा माणूस, सगळं त्यानं माझ्यात भरलं. उडती तबकडी तर दोरीला टांगलेली खाली येते. त्या सिनेमांत दोरी दिसायचीच. त्याला ती गाळता आली असती. त्यानं मुद्दाम ठेवली. “मान ठेवायचा तर पुरता ठेवावा,” तो म्हणायचा.

माझा नियम सोपा. आधी आकाशातून दगड पडतात, ते फोडायचे. मग तबकडी उतरते. तिच्यावर गोळी झाडली की ती उलटा किरण सोडते, पृथ्वी जळते, डाव संपतो. हात काढून दहा आकडे मोजेपर्यंत थांबलं की तबकडीचं दार उघडतं. आतला बाहेर येतो आणि शेवटचं चित्र दिसतं. काचेखाली लाल रंगात मराठीत लिहिलं होतं: ‘तबकडी उतरल्यावर गोळी झाडू नये. हात काढून थांबावे.’

चौऱ्याऐंशी साली मला शेषरावांनी विकत घेतलं. जळगाव जामोदला त्यांचा तंबूचा सिनेमा होता. मी दसऱ्याच्या दिवशीच तिथं उतरलो. शेषरावांनी माझी पूजा केली. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि लक्ष्मीचं चित्र खळीनं चिकटवलं. कुठं? नेमकं त्या लाल अक्षरांवर. अक्षरं त्यांनी वाचलीच नव्हती.

देवीचं चित्र कोण उचकटणार? कोणीच नाही.

त्या दिवसापासून जो आला त्यानं गोळ्याच झाडल्या. दात-ओठ खायचे, बटण बडवायचे, आणि पृथ्वी जळली की मलाच लाथ. “लबाड हाये बे ही पेटी!” म्हणायचे. दिवसातून चाळीस वेळा पृथ्वी जळायची. मला आतून ओरडावंसं वाटे, पण बनवणाऱ्यानं मला तीनच आवाज दिले होते आणि त्यांत एकही शब्द नव्हता.

एका माणसाचं मात्र मला वाईट वाटायचं. मोतीराम. तंबूचा ऑपरेटर, तीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवणारा. पहिल्या दिवशी माझी तबकडी खाली येताना पाहून तो चक्क हसला.

“दोरी! मालक, दोरी सुदिक दाखवली!”

मग त्यानं शेषरावांना सांगितलं. वीस वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याला त्यानं असाच एक सिनेमा लावला होता. तबकडी उतरली, दार उघडू लागलं आणि रीळ संपलं. पुढचं रीळ सिनेमाच्या डब्यांत आलंच नव्हतं. पब्लिकनं खुर्च्या फेकल्या. शेवटी दुसऱ्या सिनेमातला नाच दाखवून वेळ मारून न्यावी लागली.

“अजून मले समजलं नाई मालक, त्या दारातून कोन निंगालं ते.”

“भूत निंगालं असंन. जा, मशीनचे कार्बन पाह्य तुझे.”

मोतीरामला तेवढंच पाहायचं होतं. रोज सकाळी झाडलोट झाली की तो माझ्यासमोर उभा राही. दगड सफाईनं फोडी. तबकडी उतरली की त्याचा अंगठा बटणावर आणखी घट्ट बसे. हा धंद्याचा दोष. सिनेमाच्या मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळत जातात, त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागतात. हात निघाला की उजेड गेला. तीस वर्षं ज्यानं हात काढला नाही, तो माझ्यासाठी काय काढणार? त्याच्यासारख्या जाणत्यानं पृथ्वी जाळली की मला दुप्पट राग येई.

हिवाळ्यात शेषरावांनी मला विकायचं ठरवलं. खामगावचा एक व्यापारी रविवारी मला पाहून घेऊन जाणार होता. मोतीरामच्या हातात चार दिवस उरले. तीन दिवस त्यानं गोळ्या झाडण्यात घालवले.

रविवारी सकाळी त्याची बायको सोजराबाई भाकर घेऊन आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काचेत पाहिलं. तबकडी नुकतीच टेकली होती.

“काऊन हो, लांबून कोनी गाडी करून आलं, त्याले उतरू बी देत नाई अन् तुम्ही गोळ्या झाडून राह्यले?”

“तुले काय समजते? हात काढला का कार्बन इझते. सारी पब्लिक बोंबलते.”

“कुठं हाये पब्लिक? मीच हावो. मी नाई बोंबलत. काढा हात.”

मोतीराम थांबला. मग त्यानं हात उचलला, आणि मोकळ्या हाताचं काय करावं हे न कळून, आलेल्याला करतात तसा रामराम करून तो उभा राहिला.

मी आकडे मोजू लागलो. दहा झाले. दाराची फट पडली. उजेड बाहेर आला. एक पाय पायरीवर टेकला.

तेवढ्यात शेषराव व्यापाऱ्याला घेऊन आत आले. पेटीसमोर माणूस हात जोडून उभा, दांड्याला कोणी धरलेलं नाही. गिऱ्हाइकासमोर पेटी बंद पडली असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर जोरात बुक्की घातली.

काच पांढरी झाली. पुन्हा पहिले दगड पडू लागले.

“पाहा शेटजी, झाली चालू!”

“चालूच होती, मालक,” मोतीराम म्हणाला. “एक डाव खेळू द्या. एकच.”

“वय काय बे तुझं, मोतीराम? उचल तिकडून.”

मोतीरामनं पुन्हा विचारलं नाही. मानी माणूस. त्यानं आणि हमालानं मला उचलून टेम्पोत ठेवलं. सोजराबाई मात्र बोललीच, “पाय टेकवला होता हो त्यानं!” कोणी ऐकलं नाही.

आता मी खामगावला एका हॉटेलच्या कोपऱ्यात आहे. बटण चहात चिकटून आत दबलं आहे. हात काढला तरी गोळ्या सुटतात. कोणी काही केलं नाही तरी पृथ्वी जळते. मालक म्हणतो, भंगारात घालू.

घाला. पण त्याआधी पाच मिनिटांचं काम करा. बटण सोडवा आणि जळगाव जामोदच्या मोतीराम ऑपरेटरला निरोप धाडा. दारातून कोण निघतं ते मला दोन ओळींत सांगता येईल. सांगणार नाही. आधी मोतीराम पाहील, मग तुम्ही.